आमशाचा घोडा

दोधू पाथरवटाने दगड तासून साफ केला होता. कडा गोल झाल्या होत्या, माथ्यावर चंद्र-सूर्य काढून झाले होते. त्याखालची सगळी जागा कोरी होती, आणि तिथे काय काढायचं यावर रेवजीच्या अंगणात सकाळपासून नुसती तोंडं वाजत होती.

दोधू खांडबाऱ्याचा. बाजाराच्या गावचा माणूस, त्याला रिकामं बसवत नव्हतं. मोहाच्या सावलीत दगड आडवा टाकलेला, बाजूला छिन्नी-हातोडा, आणि हा विडीवर विडी ओढत होता.

"रेवजीबा, मन्हा हात नुसता बशी ऱ्हायना," तो म्हणाला. "घोडा काढू का नही, इतलंच सांगा."

"घोडाच काढायचा," रेवजी म्हणाला. "आमच्या घरच्या दगडावर घोड्याशिवाय काय असतं?"

"साक्षीवाला आल्याबिगर छिन्नी लावायची नाही." हे खात्या बोलला. रेवजीचा धाकटा भाऊ. तो अंगणात न येता कुडाला टेकून उभा होता, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मी बैठकीत नव्हतो असं म्हणायला मोकळा. "रीत आहे, दादा. तुझ्या घरची आहे तशी माझ्याही घरची आहे."

"झिपरू गेलाय ना गाडी घेऊन? येईल तो दलसिंगला घेऊन. मी काय पळून चाललोय?"

रेवजीची बायको नानीबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिला आतून सगळं ऐकू येत होतं. पाठमोरी बसली तरी कोण कुठल्या तोंडाने बोलतो ते तिला कळायचं. या घरात येऊन तिचे केस पांढरे झाले होते, आणि दोघा भावांचं भांडण तिच्याही आधीपासून इथे राहत होतं.

आज मात्र भांडणाला तिच्या पोराचं नाव होतं.

झिपरू तिचा थोरला, आमशा धाकटा. मोठ्या लढाईच्या दुसऱ्या साली खच्चरवाला म्हणून गेला तो आलाच नाही. पुढे कधीतरी सरकारी माणूस येऊन सांगून गेला, की तुमचा आमशा बसऱ्याच्या पलीकडे मेला. कसा मेला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि कसा मेला हे कळल्याशिवाय दगड उभा करता येत नव्हता. अपघाताने, घाताने, परमुलखात मेलेल्याला त्यांच्यात दगड लागतो. ज्याने जीव घेतला तेच दगडावर काढायचं. साप चावला तर साप, झाडावरून पडला तर झाड. खोटं काढलं तर मेलेला आपला दगड ओळखत नाही, तसाच फिरत राहतो. म्हणून मरताना जो जवळ होता त्याने दगडाला हात लावून सांगायचं आणि मग छिन्नी लावायची. आमशाजवळ होता तो चिंचपाड्याकडचा दलसिंग. तो तुर्कांच्या कैदेतून उशिरा सुटला, आणि आल्यापासून आजवर त्याला गाडीत बसवत नव्हतं.

"साहेब यायच्या आत दगड उभा पाहिजे," रेवजी दोधूला सांगत होता, पण आवाज खात्यासाठी होता. "सरकार घोडउतारावर ओटा बांधतंय. मोठ्या लढाईत गेलेल्यांची पाटी लावणार. इकडे आमच्या आज्याचा दगड, तिकडे सरकारची पाटी, आणि मधे आमशा. साहेब विचारेल, हा कुणाचा? मग सांगीन मी."

"काय सांगशील?" खात्या हसला. "आजा गोऱ्यांशी लढून मेला आणि त्याचा पणतू गोऱ्यांच्या नोकरीत मेला, हे सांगशील?"

रेवजीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

घोडउतार म्हणजे नेसू नदीचा उतार. बंडाच्या साली गोऱ्यांची पलटण नदीनदीने वर आली, तेव्हा रेवजीच्या आज्याने, दिलवरसिंगने, तिला तिथे अडवलं. दिलवरसिंग पडला. त्याचा घोडा त्याच्या अंगावर पाय रोवून उभा राहिला, जवळ कुणाला येऊ देईना, म्हणून त्यालाही गोळी घातली. तेव्हापासून त्या काठावर दगडांची रांग आहे. तिच्यात फक्त लढाईत पडलेले, आणि प्रत्येक दगडावर स्वार. दुसरं कसंही मेलेल्याचा दगड त्या रांगेत नाही, तो पलीकडे शिवेवर, बाभळींत. आणि तेव्हापासूनच या घराने घोड्याला काठी मारायची नाही, घोडा विकायचा नाही, घोड्याला दात लावायचा नाही. घोडा खायची वेळ कुणावर कधी आलीच नव्हती, त्यामुळे हा नेम पाळायला कुणाला कष्टही पडले नव्हते.

नानीबाईने भाकर तव्यावर टाकली. दारात लाल कोंबडा मान वाकडी करून उभा होता. तिने पाटीतले चार दाणे त्याच्यापुढे टाकले.

"आता कर लाड," बाहेरून रेवजी म्हणाला. "दगड उभा करायच्या आदल्या दिवशी मात्र टोपलीखाली घालीन त्याला. दाणा दिसता कामा नये."

"ते तरी प्रामाणिक काम कर की," खात्या म्हणाला. "कोंबडा उपाशी ठेवून मेलेल्याचा कौल घ्यायचा! भुकेला कोंबडा कधी नाही म्हणालाय?"

"तुझ्या सासऱ्याच्या दगडापुढे काय पोट भरलेला सोडला होतास?"

अंगणात हशा झाला. दोधूही हसला. नानीबाईसुद्धा तव्याकडे बघत हसली, कारण हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळेच करत होते. दगडापुढे दाणे ठेवायचे, कोंबडा सोडायचा. त्याने टिपले तर मेलेला आला, जेवला. नाही टिपले तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. एवढी उस्तवार परत कोण करणार? म्हणून कोंबडा उपाशी.

*

ऊन माथ्यावर आल्यावर गाडी आली. झिपरूने दलसिंगला दोन्ही हातांवर उचलून खाली घेतलं. याच दलसिंगने एकदा होळीला आमशाला खांद्यावर बसवून नाचवलं होतं. आता गोणपाटात गुंडाळलेल्या काटक्या उतरवाव्यात तसा तो उतरला.

"काकी," तो नानीबाईला म्हणाला.

"आधी जेव. साक्ष पळून जात नाही," ती म्हणाली.

तिने भाकर आणि उडदाची डाळ वाढली. त्याने डावा हात थाळीभोवती कुंपणासारखा ठेवला, कुणी ओढून नेईल असा, आणि सावकाश, घास घोळवत घोळवत खाल्लं. आमशाची बायको फुलवंता दाराआडून त्याला बघत होती. तिच्या कडेवर पोरगी झोपलेली. बापाने न बघितलेली.

जेवण झाल्यावर गावच्या भगताने दगडाभोवती मोहाच्या दारूची धार घातली आणि दलसिंगचा पंजा कोऱ्या जागेवर टेकवला.

"आमशा रेवजीचा. कसा गेला ते सांग. खोटं बोलशील तर हात झडेल."

"झडायला काही राहिलंय का याच्यात?" दलसिंग म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"आम्ही खच्चरवाले," त्याने सुरुवात केली. "बंदूक आमच्या हाती नव्हती कधी."

"पण लढाईत होता ना?" रेवजीने घाईने विचारलं.

"लढाईच्या मधोमध होता, काका. गोळे आमच्या डोक्यावरून जात होते. एक मोठी नदी, तिच्या वळणात गाव, गावात आम्ही. चारी बाजूंनी तुर्क. बाहेर जाता येईना, आत काही येईना. दाणा संपत आला. मग साहेबांनी जनावरं कापायला घेतली."

"कुठली जनावरं?"

"घोडी. मग आमची खच्चरं."

दोधूची विडी बोटात तशीच जळत होती.

"पुष्कळांनी नाही म्हटलं सुरुवातीला. आपल्याकडच्या लोकांनी, शिखांनी, मुसलमानांनी. मग हिंदुस्तानातून सांगावे आले मोठमोठ्या धर्मवाल्यांचे, की वेळ वाईट आहे, खा, दोष नाही. एकेक जण खायला लागला. मीही खाल्लं. आमशाला म्हटलं, अरे, सगळ्यांच्या देवांनी परवानगी दिली. तो म्हणाला, माझ्या देवाची परवानगी कोण आणणार? माझा देव तर नेसूच्या काठावर दगडात उभा आहे."

रेवजी ताठ बसला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. नानीबाईला मात्र पायांखालची जमीन थंड लागायला लागली. ऊन होतं आणि जमीन थंड होती.

"पण तो नेमाचं नुसतं निमित्त सांगायचा," दलसिंग पुढे बोलला. आता तो कुणाकडेच बघत नव्हता. "खरं मला शेवटी सांगितलं. मी रोज संध्याकाळी मांसाचा डबा त्याच्या उशाशी ठेवायचो. म्हणायचो, मी तोंड फिरवतो, कुणी बघत नाही, खा. एकदा तो म्हणाला, देव बघतो की नाही ते नाही माहीत, दलसिंग. पण याहाच्या गळ्याची आण आहे. मी खाल्लं तर ती तिकडे मरेल."

"कुणाच्या गळ्याची?" भगताने विचारलं, जणू ऐकलं नव्हतं.

"याहाच्या. आईच्या. काकीच्या."

सगळ्यांनी एकदम चुलीच्या दाराकडे पाहिलं.

"शेवटी त्याला गवताची भाजी तेवढी जायची. रानातला पाला उपटून आणायचे लोक. त्यानेही पोट बिघडलं. सकाळी हलवलं तर गार. डबा उशाशी भरलेलाच होता." दलसिंगने दगडावरचा हात काढून घेतला. "तो डबाही मीच खाल्ला, काकी. मी जगलो."

*

नानीबाईला ती सकाळ आठवायची गरजच नव्हती, ती कधी गेलीच नव्हती. परमुलखात जाणारा माणूस घोडउतारावर जाऊन आज्याच्या दगडाला हात लावतो. आमशाने लावला होता. आणि नेम सांगितल्यावर हसला होता. खाण्यापिण्यात तो पहिल्यापासून मोकळा, उंदीर म्हणू नका, खेकडा म्हणू नका. "तिकडे मला घोडा कोण वाढतंय, याहा?" म्हणाला होता. तेव्हा तिने त्याचा हात दगडावरून ओढून आपल्या गळ्यावर ठेवला होता. खाल्लास तर मी मेले समज. घोड्याचं तिला एवढं काही नव्हतं. पोरगा दूर चालला होता आणि तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. भाकर बांधून दिली तर ती सुरतेच्या आधीच संपली असती. काहीतरी न संपणारं बरोबर द्यावं, म्हणून आण दिली.

संपली नाही ती.

"तू घातली होतीस आण?" रेवजी विचारत होता.

"घातली होती."

झिपरूची बायको रमिलाबाई हळूच उठली आणि तिने आपली पोरं नानीबाईजवळून उचलून नेली. मुद्दाम नाही. तिच्या हातून झालं. नानीबाईने ते पाहिलं.

मग बोलायला सुरुवात झाली. आधी खात्या, कारण त्याला हेच हवं होतं.

"झालं मग. लढाईत पडला नाही. उपाशी मेला. घोडउतारावर दगड नाही होत. शिवेवर बाभळीत उभा करा, दगडावर रिकामी थाळी काढा. रीत ती रीत."

"तुझं हे केव्हाचं ठरलेलं होतं," झिपरू उसळला. "आमच्या घराचा दगड रांगेत आला तर तुझ्या पोटात दुखतं, काका."

"माझ्या पोटात दुखो की खुपो. पोरगा रांगेत न बसणारा आहे, त्याला ओढून बसवू नका. दाणा मागत फिरेल तो."

रेवजी पागोट्याचा शेव हातात घेऊन बसला होता. मग त्याने मान वर केली.

"उपाशी मेला," तो म्हणाला. "पण का उपाशी मेला? पुढ्यात होतं, खाल्लं नाही. का? घोडा होता म्हणून. दिलवर आजासाठी घोड्याने जीव दिला. घोड्यासाठी आमशाने जीव दिला. फेड झाली. मग त्याच्या दगडावर घोडा नाही तर काय काढायचं?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. भगताने मान डोलवली. ते ऐकायला फार चांगलं वाटत होतं. दलसिंगसुद्धा क्षणभर असा बघत राहिला, की जणू त्याने सांगितलेली गोष्ट हीच होती आणि त्याला स्वतःला ती आत्ता कळली.

"हे बोललास, दादा," खात्याच्या तोंडूनसुद्धा निघून गेलं.

"लबाडी आहे ही," नानीबाई म्हणाली.

ती उठून अंगणात आली. बैठकीत बायका येत नाहीत, पण तिला कुणी अडवलं नाही.

"घोड्यासाठी नाही मेला तो. घोडा खायला तयार झाला असता. त्याला कुठे नेमाचं पडलं होतं! तो माझ्यासाठी मेला. खोटं काढाल तर ओळखेल का तो? इतक्या लांबून यायचंय त्याला." ती दोधूपुढे बसली. "भाऊ, ज्याने जीव घेतला तेच काढायचं असतं ना? मग घोडा नको. मला काढ."

दोधूने हातातली छिन्नी खाली ठेवली. पन्नास गावचे दगड घडवलेला माणूस, पण असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आजी," तो हळू म्हणाला, "जित्ता माणूसना दगड व्हत नही."

"मी जिती कुठे आहे?"

"डोसी, आत जा," रेवजी म्हणाला. रागावून नाही.

ती गेली नाही. तिला वाटलं होतं, निदान फुलवंता आपल्या बाजूला येईल. सहा पावसाळे दोघींनी एका चुलीवर काढले होते. फुलवंता रात्री उठून रडायची तेव्हा नानीबाईच तिच्या पाठीवर हात फिरवायची. आणि फुलवंता खरंच दारातून बाहेर आली. पोरगी कडेवर जागी होऊन डोळे चोळत होती.

"याहा," ती म्हणाली, "मला घोडा पाहिजे."

नानीबाईला आधी ते समजलंच नाही.

"बाभळीत दगड गेला तर मी कोण या घरात? रांगेतल्याची बायको घरात राहते, त्याचं शेत तिच्याकडे राहतं. बाभळीतल्याची बायको बापाकडे जाते. पोर इथे ठेवून जाते. काका आत्ताच बांधाकडे बघायला लागलेत." खात्याने नजर दुसरीकडे वळवली. "तो यायचा तो येईल, नाही तर नाही येणार. एवढ्या वर्षांत आला का? ही तर आहे." तिने पोरीला वर सरकवलं. "मला घोडा काढून द्या."

रेवजीला आता काही बोलायची गरज नव्हती. झिपरूलाही नाही.

नानीबाईने पोरीकडे पाहिलं. पोरीचे कान आमशाचे होते, बाहेर आलेले. पोरीने आजीकडे हात पसरले, खाऊ असला तर बघावा म्हणून. फुलवंताने तिला आवरलं, आणि मग तिलाच लाज वाटून सोडलं. नानीबाईने तिला घेतलं नाही. आपल्या हातून पोरांना काही द्यायची तिला आता भीती वाटत होती.

"काढ घोडा," ती दोधूला म्हणाली.

"आजी, पक्कं?"

"काढ म्हटलं ना. चांगला काढ. भरल्या अंगाचा."

ती आत गेली. मागे छिन्नीचा पहिला घाव पडला.

*

बाजाराचा दिवस उलटून गेल्यावर दगड गाडीत घालून घोडउतारावर नेला. पुढे ढोल, मागे बाया. नेसूचं पाणी आटून दगडगोट्यांत शिरलं होतं. काठावर जुनी रांग उभी होती. ऊन-पावसाने स्वारांची नाकं-डोळे गेले होते, दिलवरसिंगच्या घोड्याचे पाय तेवढे अजून ओळखू येत होते. पलीकडे सरकारी ओट्याच्या नव्या विटा रचलेल्या, चुना ओला. पाटी अजून लागायची होती.

दोधूने घोडा खरंच चांगला काढला होता. मान वळवलेली, आयाळ उडालेली, वर आमशा बसलेला, हातात तलवार. आमशाने जन्मात तलवार धरली नव्हती. तोंड कुणाचंही असावं तसं होतं. लोक म्हणत होते, हुबेहूब.

दगड खड्ड्यात उभा केला, बुडाशी गोटे ठोकले, शेंदूर लावला, धार घातली. दलसिंगला गाडीतच बसवला होता, तिथून तो बघत होता. खात्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून दगड सरळ आहे की नाही ते सांगत होता. "अजून जरा नदीकडे. हां, आता बरोबर." त्या दिवशीच्या बांधाचं आज त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. उद्या असेल.

"आईच्या हातचा घास," भगत म्हणाला.

नानीबाई पुढे आली. खाली बसून तिने पळसाचं पान दगडासमोर ठेवलं आणि त्यावर ओंजळभर ज्वारी ओतली. समोर घोडा होता. तिने दगडाकडे पाहिलंच नाही. मनात म्हणाली, ये. घोड्याकडे बघू नको. नुसतं पानाकडे बघ आणि ये.

झिपरूने टोपली उचलली. कालपासून अंधारात बसलेला लाल कोंबडा उन्हात धडपडला, एकदा पंख झाडले. ढोल थांबला. सगळे श्वास धरून उभे राहिले. आदल्या दिवशी त्याच्यावर टोपली घालणारेही, आणि त्याला दाणा दिला नव्हता हे ठाऊक असलेलेही.

कोंबडा सरळ पानाकडे धावला.

त्याने टिपायला सुरुवात केली ती मान वर न करता. दाणे उडाले, पान फाटलं, फाटक्या पानाखाली गेलेले दाणेही त्याने उकरून काढले. घशाखाली उतरायच्या आत पुढचा दाणा चोचीत. एवढी भूक कुणाला लागलेली बघवत नाही.

"घेतलं! घेतलं रे!" भगत ओरडला. ढोल वाजायला लागले. रेवजीने पागोटं काढून दगडाला लावलं आणि पोरासारखा रडला. "आला माझा पोरगा, घरी आला." फुलवंताने पोरीचं कपाळ दगडावर टेकवलं आणि तिच्या छातीतून इतक्या वर्षांचा श्वास बाहेर पडला. रमिलाबाईने सासूला उठवायला हात पुढे केला.

नानीबाई उठली नाही. ती कोंबड्याकडे बघत होती.

काल संध्याकाळी टोपलीजवळून जाताना आतून चोच आपटल्याचा आवाज तिने ऐकला होता. दाणा द्यावासा वाटला होता, दिला नव्हता. आमशा आला म्हणून हा खात नव्हता. हा भुकेला होता आणि पुढे दाणे होते. भुकेला जीव असंच करतो. पुढे असेल ते खातो. कुणाच्या घोड्याचं, कुणाच्या देवाचं, ते त्याला ठाऊक नसतं. साधा कोंबडा. त्याला कुणी आण घातली नव्हती.

पान रिकामं झालं. कोंबड्याने इकडे तिकडे पाहिलं आणि तिच्याकडे आला. तिच्या तळव्याच्या घामाला दोन-चार दाणे चिकटलेले होते. तो तिच्या हातावर टोचायला लागला. लागत होतं. तिने हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हाताने कमरेची पिशवी सोडली, उरलेली ज्वारी ओंजळीत घेतली आणि त्याच्यापुढे धरली.

झिपरू सुरी घेऊन आला. कौल मिळाल्यावर कोंबडा दगडापुढेच कापायचा असतो. ढोलात त्याला मोठ्याने बोलावं लागलं.

"याहा, सोड आता त्याला."

नानीबाईने ऐकलं नाही. ती ओंजळीवर वाकली होती.

"खा," ती त्याला म्हणत होती. "खा रे. मला काही होत नाही. खा."